गावची बाटली

जुलैच्या पणजीत भिंतीला चिठ्ठी टिकत नाही. संध्याकाळी आम्ही पाचजणांनी मिळून जाहिरातीच्या कल्पनांच्या साठेक पिवळ्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या. सकाळी ऑफिस उघडलं तर निम्म्याहून जास्त फरशीवर पालथ्या पडलेल्या. सांत इनेजची जुनी इमारत, भिंतीला पोपडे, त्यात पावसाची ओल. झाडणाऱ्या मावशी केरसुणी हातात धरून थांबल्या होत्या. "ह्या टाकू?" मी दोनचार उचलून वाचल्या आणि खरं सांगायचं तर टाका म्हणणारच होते.

मी गेली चौदा वर्षं जाहिरातींचा मजकूर लिहिते. आमची एजन्सी म्हणजे मी, एक डिझायनर, हिशेब आणि क्लायंट दोन्ही सांभाळणारा एकजण, केप्याहून रोज दोन बस बदलून येणारी एक शिकाऊ मुलगी, आणि आमचे मालक. त्यांना आम्ही काका म्हणतो. तरुणपणी ते दुकानांचे बोर्ड रंगवायचे, त्यामुळे लांबून अक्षर वाचता येतं की नाही एवढ्या एकाच कसोटीवर ते आजही सगळं तोलतात.

काम आलं होतं सत्तरी तालुक्यातल्या एका कुटुंबाकडून. कोकमाचं आगळ (खारवलेला रस), सोलां (वाळवलेली सालं), सरबत. आतापर्यंत त्यांचा माल हॉटेलांत आणि पर्यटकांच्या दुकानांत जायचा. आता त्यांना गोव्यातल्या घरांत शिरायचं होतं. त्यांचे साहेब पन्नाशीचे, बोलायला मोकळे. जाहिरातीत काय काय हवं ते त्यांनी एका दमात सांगितलं: घरगुती, अस्सल, शंभर टक्के नैसर्गिक, पित्त जातं, वजन उतरतं.

त्यातलं निम्मं मी तिथल्या तिथे खोडलं. ‘घरगुती’ हा शब्द कारखान्यात भरलेल्या बाटलीसाठी वापरू नये, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८चे जाहिरातींविषयीचे नियम सांगतात. ‘अस्सल’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ या शब्दांनाही अटी आहेत. वजनाचं तर नावच नको. जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४चा जो कायदा आहे, त्याच्या आजारांच्या यादीत लठ्ठपणा आहे. आणि ‘कोकम म्हणजे गोव्याचंच’ असं छातीठोकपणे म्हणावं, तर कोकमाचं भौगोलिक मानांकन सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या नावावर. साहेबांचा चेहरा उतरला. "मग उरलं काय?"

उरलं होतं ते फार अवघड होतं, पण ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं. मी विचारलं, हे घेणार कोण? ते म्हणाले, सगळे. आमच्या धंद्यात ‘सगळे’ म्हटलं की पैसे पाण्यात गेले म्हणून समजावं.

पहिली बैठक मी नियमाने घेतली. ब्रेनस्टॉर्मिंगचे हे नियम ॲलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याचे. बीबीडीओ या एजन्सीच्या नावातला ‘ओ’ तो त्याचाच. कुणाच्याही कल्पनेला नावं ठेवायची नाहीत, संख्या वाढवायची, वेडगळ असेल तरी बोलून टाकायचं, आणि दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोड द्यायची. ऐकायला छान वाटतं. आमच्याकडे मात्र पहिल्या दहा मिनिटांत पाचपैकी चारजणांनी एकच ओळ लिहिली: ‘आगळ, आगळं-वेगळं!’ पाचव्याने लिहिली नाही, कारण तो फोनवर होता.

मग समुद्र आला. सूर्यास्त आला. माड आला. व्यंगचित्रकार मारिओ मिरांदाच्या धर्तीची चित्रं आली. लोटलीचा तो थोर माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गोव्यातल्या दर तिसऱ्या कॅफेच्या भिंतीवर त्याची नक्कल राबतेच आहे. डिझायनर म्हणाला, कोकमाचा डाग दाखवू. पांढरा शर्ट, त्यावर जांभळा-लाल डाग, जो जन्मात निघत नाही. सगळे सरसावून बसले. अर्ध्या मिनिटाने हिशेबवाला म्हणाला, "ही साबणवाल्यांची झाली ना?" झालीच होती. या देशात आता डाग कुणालाही वापरता येत नाही, तो एका कपडे धुण्याच्या पावडरीने कायमचा नेला.

मी माटोळी सुचवली. चवथीला गणपतीच्या वर आपण रानातली फळं, फुलं, वेली बांधतो, त्यात मधोमध एक बाटली. दोनजण छान म्हणाले. काका चष्मा पुसत म्हणाले, "चवथीला भिरंडं, कोकमाची फळं, कुठली गो? ती मे महिन्यात सरली. आणि देवाच्या डोक्यावर बाटली टांगणार? गोव्यात?" नावं ठेवायची नाहीत हा नियम काकांनी मोडला, आणि फार बरं केलं. पेपरात ते छापून आलं असतं तर दुसऱ्या दिवशी आमचं ऑफिस कुठे आहे हे सगळ्या राज्याला कळलं असतं.

त्या साठ चिठ्ठ्या ह्या अशा.

रात्री झोप येईना म्हणून मी पुन्हा तेच वाचत बसले, जे मला बऱ्याच वर्षांपूर्वी वाचायला हवं होतं. ऑसबॉर्नची पद्धत जगभर गाजत असतानाच, १९५८ साली येल विद्यापीठात तिची परीक्षा झाली. एका बाजूला चार-चारजणांचे गट, दुसऱ्या बाजूला तेवढीच माणसं पण प्रत्येकजण एकटा बसलेला. एकट्यांच्या कल्पना एकत्र करून, सारख्या असलेल्या वगळून मोजल्या, तर त्याच जास्त भरल्या. पुढे १९८७मध्ये डील आणि श्ट्रोब या दोघांनी कारण शोधलं. ते कारण अगदी बाळबोध आहे: एकजण बोलत असताना बाकीच्यांना गप्प बसावं लागतं. आपली पाळी येईपर्यंत डोक्यातलं विरून जातं किंवा ‘आता हे काय सांगायचं’ असं वाटून आपणच गिळतो. मला लगेच केप्याची मुलगी आठवली. दोन तासांत ती एकदाच बोलली होती, ‘चहा सांगू का?’

दुसरी बैठक शुक्रवारी. आधी अर्धा तास मी एक खेळ लावला: या मालाची सर्वांत वाईट जाहिरात लिहा. तुंबलेलं गटार मोकळं व्हावं तसं झालं. डिझायनरने केस उडणारी बाई, धबधबा आणि ‘निसर्गाचं आगळं-वेगळं देणं’ असं एकाच पानात बसवलं. हिशेबवाल्याने ‘आगळ प्या, आमदार व्हा’ लिहिलं. त्या हसण्यात निदान ती आगळं-वेगळंची कोटी एकदाची पुरली, असं मला वाटलं. चूक होती, पण ते पुढे येईल.

मग बोलणं बंद. कागद फिरवायचा. ही रीत जर्मनीतल्या बेर्न्ट रोरबाख नावाच्या माणसाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस मांडली: सहाजण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं. पाच मिनिटं झाली की कागद शेजाऱ्याकडे, आणि शेजारी वरचं वाचून त्याखाली आणखी तीन लिहितो. सहा फेऱ्यांत १०८ होतात. आम्ही पाच, म्हणून पाच फेऱ्या, हिशेबाने पंच्याहत्तर. प्रत्यक्षात बावन्न भरल्या. तिसऱ्या फेरीला सगळ्यांचे हात जड होतात, रकाने कोरे राहतात, कुणी नुसतंच ‘वरच्यासारखं’ लिहून सुटतो. पण ती तिसरी फेरीच कामाची. डोक्यातलं वरवरचं पाणी तोवर उपसून झालेलं असतं.

तिसऱ्या फेरीतला एक कागद मी अजून जपून ठेवला आहे. पहिल्या ओळीत हिशेबवाल्याने त्याच्या कोंकणीत लिहिलं होतं, ‘हें विकतें कोण घेता?’ ती कल्पना नव्हती, तक्रार होती. त्याखाली माझं, ‘खरंच. आमच्याकडे आईच पाठवते.’ हीदेखील कल्पना नव्हेच, मी आळसाने लिहिलं होतं. त्याखाली केप्याच्या मुलीचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर: ‘आमच्याकडे पण. रमच्या बाटलीतून.’ आणि डिझायनरने त्याखाली काहीच न लिहिता एक चपटी बाटली काढली होती. तिच्यावर आडवी चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेनने ‘आगळ’.

कागद टेबलावर ठेवल्यावर आधी कुणी काही बोललं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले, पण जाहिरातीबद्दल नव्हे. प्रत्येकाच्या घरी ती बाटली होती. मे महिन्यात भिरंडं पिकतात, सालांना मीठ लावून ठेवायचं, सुटतो तो रस म्हणजे आगळ. त्याच रसात सालं पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवली की सोलां. बियांचं घट्ट तेल म्हणजे भिंडेल, ते पावसाळ्यात पायाच्या भेगांना. पाऊस धरायच्या आत गावाहून पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान येतं, त्यात सुकी खारी मासळी, उकडे तांदूळ, मिरच्या आणि आगळाची एक बाटली. ती नेहमी दारूची जुनी बाटली. पट्टी लावायची, कारण पाहुण्याने चुकून ग्लासात ओतू नये. काकांकडे असं एकदा घडलं होतं म्हणे. पाहुणा सोडा घालून अर्धा ग्लास प्यायला आणि सभ्यपणे काही बोलला नाही.

आता हिशेबवाल्याच्या तक्रारीचा अर्थ लागला. गोव्यात आगळ विकत घेणं ही जवळपास नामुष्की आहे. विकत घेतलं म्हणजे तुला पाठवणारं कुणी नाही. आमची स्पर्धा दुसऱ्या कुठल्या ब्रँडशी नव्हतीच, ती होती पर्वरीतल्या, ताळगावातल्या फ्लॅटमध्ये फ्रीजच्या दारात उभ्या असलेल्या त्या फुकटच्या बाटलीशी. आणि तिच्याशी कोण जिंकणार?

मला वाटतं, इथे बहुतेक एजन्स्या एक चूक करतात, आणि आम्हीही ती करता करता राहिलो. डिझायनरचा पहिला हट्ट होता की आपल्या मालाची बाटलीच तशी करायची, पट्टी, हस्ताक्षर, सगळं. ‘आईच्या हातचं’ असं न लिहिताही लोकांना तसं वाटेल. वाटेलच. म्हणून तर नको. स्टीलच्या टाक्यांत, मीटरवर आम्लता मोजून भरलेला चांगला माल आहे तो. त्याला आईचं लुगडं कशाला नेसवायचं? ‘घरगुती’ शब्द नियमाने खोडायचा आणि चित्राने तेच सांगायचं, ही चलाखी झाली. यावर आमचं चांगलंच वाजलं. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

वाट निघाली ती एका साध्या प्रश्नातून. सोमवारी आम्ही ओळखीच्या वीसेक घरांत फोन करून विचारलं, तुमची गावची बाटली कधी संपते? बहुतेकांचं उत्तर ऐकून मी पेन खाली ठेवलं: चवथीत. घरात माणसं येतात, रोज सोलकढी, बाटली तळाला जाते. पुढची येणार थेट मे महिन्यात. मध्ये ऑक्टोबरचं ऊन, मग मार्च-एप्रिल. क्लायंटला जाहिरात चवथीच्या आधी हवी होती, सगळ्यांच्या जाहिराती तेव्हाच असतात म्हणून. आम्ही ती चवथीनंतरच्या आठवड्यात नेली. त्या आठवड्यात पेपरात जागेसाठी रेटारेटीही कमी.

ओळ मी बसमध्ये लिहिली, मांडवीच्या पुलावर अडकलेली असताना. ‘गावची बाटली संपली?’ बस्स. वर ती जुनी रिकामी बाटली, तळाशी जांभळट थर, कंपनीचं नाव नाही, नुसती पट्टी. खाली कोपऱ्यात आमची बाटली आणि बारीक अक्षरांत: ‘मे महिना येईपर्यंत.’ आईच्या जागी बसायचं नाही, तिची बाटली येईपर्यंत काम चालवायचं. यात खोटं एक अक्षर नव्हतं. शिवाय ‘बाटली संपली’ म्हटल्यावर गोव्यात माणूस आधी हसतो आणि मग वाचतो. आणखी एक फायदा होता: कोंकणी फलकासाठी नुसतं ‘सोंपली’ केलं की झालं. एरवी इथे एक ओळ मराठी पेपरात, दुसरी कोंकणीत, सासष्टी तालुक्यासाठी तिसरी रोमी (रोमन) लिपीत आणि चौथी इंग्रजीत करता करता मूळ विनोद कधी मेला ते कळत नाही. काकांनी तीन शब्दांचा कागद भिंतीला लावला (खिळ्याने), जिन्यापर्यंत मागे गेले आणि म्हणाले, "वाचतां येता."

क्लायंटकडे आम्ही दोनच मार्ग नेले. पूर्वी तीन न्यायचो, तिसरा मुद्दाम कच्चा, तुलनेसाठी. क्लायंट हमखास तोच निवडतो, हे कळल्यावर बंद केलं. वाळपईच्या पुढे त्यांचं घर, ओसरीवर बैठक, बाहेर धो धो पाऊस. साहेबांनी चित्र पाहिलं, मान डोलावली आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. "रात्री मलाही एक सुचलं. बघा कसं वाटतं." मी कागद उघडायच्या आधीच डिझायनरने डोळे मिटले होते. आगळ, आगळं-वेगळं.

काय बोलावं? वाईट म्हणता येत नाही, आणि चांगलं म्हणून चालणार नाही. मी त्यांना आमच्या पहिल्या बैठकीतल्या त्या चार चिठ्ठ्या दाखवल्या. मावशींना टाकू दिल्या नव्हत्या, त्याचा असा उपयोग झाला. "आम्हा चौघांनाही पहिलं हेच सुचलं. म्हणजे वाचणाऱ्यालाही हेच सुचणार." ते मनापासून हसले. पण बाटलीवर त्यांची हरकत होतीच. घरच्या मालाची जाहिरात दारूच्या बाटलीने? देवस्थानात काय म्हणतील? बोलणं तिथेच अडलं.

सोडवलं त्यांच्या आईने. वय ऐंशीच्या वर. आतून येऊन बसल्या, चित्र हातात घेऊन लांब धरलं आणि म्हणाल्या, "चुकलंय हे." आमचे चेहरे पडले. "झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद कुठाय? मीठ असतं ना त्यात. पत्र्याचं झाकण गंजतं, मग ते आगळ फुकट." मुलाकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला मडगावला तीस वर्षं कशातून पाठवलं मी? चांदीच्या तांब्यातून?"

संपलं. बाटली राहिली, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडाही आला.

राहिला प्रश्न पट्टीवरच्या अक्षराचा. डिझायनरने संगणकावरची हस्ताक्षराची सगळी वळणं लावून पाहिली, सगळी लग्नपत्रिकेसारखी दिसत होती. आम्ही पाचहीजणांनी लिहून पाहिलं. मुद्दाम लिहिलेलं मुद्दाम लिहिल्यासारखंच दिसतं. शेवटी तो पट्टी आणि बॉलपेन घेऊन पुन्हा सत्तरीला गेला. त्या आजी पोर्तुगीज अमलात गावच्या मास्तरांकडे मराठी अक्षरं गिरवलेल्या. त्यांचा ‘ळ’ थोडा आडवा पसरतो, ‘अ’ची पाठ वाकडी. पाच पट्ट्या लिहिल्या, तिसरी घेतली. तिच्यात शेवटी पेन सुकत गेलंय, तेही तसंच ठेवलं.

जाहिरात चवथीनंतर तीन वेळा आली, दोन पेपरांत, शिवाय म्हापसा आणि फोंड्याच्या बसस्टँडजवळ एकेक फलक. खप किती वाढला ते क्लायंट कुठलाच नीट सांगत नाही, वाढला की बिल वाढेल अशी त्यांना भीती असते. यांनी एवढंच सांगितलं की ऑक्टोबरात पहिल्यांदाच पणजीच्या दुकानांनी दुसऱ्यांदा माल मागवला. आणि फोन फार आले. त्यातले निम्मे त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याबद्दल. एका बाईंनी तर फक्त हे सांगायला फोन केला होता की त्यांच्याकडे प्लॅस्टिक नाही, केळीचं सुकं पान घालतात.

बिल मी केलं. संकल्पना, मजकूर, मांडणी, छायाचित्र. ‘अक्षरलेखन’ अशी एक ओळ घालून तिच्यापुढे शून्य टाकलं, गंमत म्हणून. तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. बिलात घासाघीस करणार या तयारीने मी उचलला.

"तेवढी ती अक्षराची ओळ काढून टाका," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आईने बिल वाचलं. शून्य का, ते विचारतेय सकाळपासून."